मुंजेची बैठक

दिल्लीच्या सरकारी क्वार्टरातली बैठकीची खोली ती केवढी! तीत सोफा आणला तर माणसांनी उभे राहावे. शिवाय बदलीचा हुकूम केव्हा हाती पडेल याचा नेम नाही. म्हणून आम्ही मुढाच घ्यायचे ठरविले. निवड मात्र जिकिरीची होती. तीर्थरूप साताऱ्याहून येणार होते, आणि त्यांचे गुडघे आता पाटावर बसू देत नाहीत.

हरियाणातील फर्रुखनगर मुढ्यांसाठी ओळखले जाते. सरकंड्याच्या काड्या तिरप्या गुंफून कंबरेशी आवळतात, नि बैठक मुंजेच्या दोरीने विणतात. प्लॅस्टिकच्या रंगीत दोरीचे मुढे दिसायला देखणे खरे. पण उन्हाळ्यात ते अंगाला चिकटतात. (हे आमचे मत, सौभाग्यवतींचे निराळे आहे.) आम्ही दोरी अंगठ्याने दाबून पाहिली, मुढा फरशीवर डुलवून पाहिला आणि १८ इंच उंचीचा, पाठ असलेला निवडला. ठेंगण्या मुढ्यातून उठताना म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्याचा हात मागावा लागतो. आमच्या वडिलांनी तो आजवर कोणाचाच मागितलेला नाही.

ते आले. बसण्यापूर्वी दोरीवरून हात फिरवीत म्हणाले, "अरे, ही तर मुंज! तुझ्या कमरेला हिचीच मेखला बांधली होती." मग टेकले. उठायची वेळ आली, तेव्हा आम्ही मुद्दाम खिडकीबाहेर पाहत राहिलो.