उर्दू, सेमी आणि पर्लची वारसदारी

आमच्या शाळेत उर्दू माध्यमाची मुलं आहेत, त्यातली काही सेमी इंग्रजीची. काही वसतिगृहात राहतात, काहींना शिष्यवृत्ती आहे. निकालपत्रकाचा प्रोग्राम मी पर्लमध्ये लिहिला तेव्हा प्रत्येक प्रकाराचा एक क्लास केला. पण मूल एकाच प्रकारात कुठं बसतं? चार प्रकारांचे मेळ सोळा होतात. सोळा क्लास हातानं कोण लिहीत बसणार!

पर्लमध्ये क्लासचे आईबाप 'इसा' नावाच्या साध्या यादीत असतात, आणि प्रोग्राम चालू असतानाही ती यादी बदलता येते. मुलाची नोंद वाचायची, नव्या क्लासचं नाव जुळवायचं, यादीत आईबाप भरायचे आणि वस्तूला 'ब्लेस' करायचं. (पर्ल लिहिणारे लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेले. वस्तूला क्लासशी जोडायला त्यांनी दुआ देण्याचा शब्द घेतला, हे आम्हा भाषेच्या मास्तरांना आवडणारच.)

खरी गोम यादीतल्या क्रमात आहे. एका मुलीचे वडील म्हणाले, "सर, गणित इंग्रजीत राहू द्या, पण पत्रकावर नाव उर्दूतच हवं. दादीनं ठेवलंय." माझ्या उर्दू क्लासमध्ये नाव उर्दूत येतं आणि गणिताला 'रियाज़ी' म्हटलं जातं. सेमी क्लास फक्त विषयाचं नाव इंग्रजीत देतो. दोघांच्या वर 'विद्यार्थी' हा मूळ क्लास, त्यात सगळं मराठीत. यादीत उर्दू आधी ठेवलं तर नाव बरोबर येतं, पण गणिताची रियाज़ी होते. सेमी आधी ठेवलं तर गणित इंग्रजीत येतं, पण नाव देवनागरीत. कारण पर्ल आपल्या नेहमीच्या रीतीनं सेमीत शोधतं, तिथून थेट वर विद्यार्थ्याकडे जातं आणि तिथंच नाव सापडल्यावर थांबतं. शेजारच्या उर्दूला कुणी विचारतच नाही. माझ्या मते ही रीत अन्यायाचीच आहे.

पर्ल 5.10 पासून 'सी-थ्री' नावाचा दुसरा क्रम मिळतो. त्यात आधी सगळी भावंडं, मग सामाईक पूर्वज. नव्या क्लासला तो लावला, सेमी आधी आणि उर्दू नंतर ठेवलं, आणि एकाच पत्रकावर इंग्रजी गणित नि उर्दू नाव दोन्ही आलं.

आता वसतिगृहाची मुलं राहिलीत. त्यांचा पत्ता दोन क्लासमध्ये दोन तऱ्हेनं लिहिलेला आहे, आणि पत्रक घरी पाठवायचं की वसतिगृहात, हे काही सी-थ्री ठरवणार नाही. ते पालकांनाच विचारावं लागेल.