कशावरून?

आम्ही दोघे भाऊ. दोघेही मराठी घेऊन एम.ए. झालो आणि गेली वीसेक वर्षे दोन निरनिराळ्या महाविद्यालयांत मराठीच शिकवीत आहोत. यंत्राशी आमचा संबंध शब्दापुरता. तरीही प्रस्तुत लेख एका पिकअपच्या इंजिनाविषयी आहे, हे वाचकांनी गोड मानून घ्यावे.

गाडी आमच्या वडिलांची. भोसरीच्या एका कारखान्यात इंजिनांच्या चाचणी-विभागात पस्तीस वर्षे काढल्यावर आप्पांनी फंडाच्या पैशांतून ती जुनी विकत घेतली आणि खेड तालुक्यातल्या शेतावरचा कांदा-बटाटा चाकणच्या बाजारात नेऊ लागले. कारखान्याने निवृत्तिवेतन दिले, कान मात्र ठेवून घेतले. अलीकडे त्यांना मागच्या वाहनाचा भोंगाही ऐकू येईनासा झाला. त्यांनी गाडी चालवणे थांबवावे, हे आम्हां दोघांना पटले होते. ते त्यांना सांगण्याचे धैर्य मात्र एकालाही नव्हते.

अशात गाडीच बिघडली. वेगात असताना ती निर्दोष चाले. पण चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत उभी राहिली की थरथरू लागे, आवाज खालीवर होई आणि कधीकधी बंदही पडे. गॅरेजवाल्याने फिल्टर बदलला, गुण आला नाही. मग त्याने निकाल दिला, "पंप उतरवावा लागेल." खर्चाचा आकडा मोठा होता. खरे सांगायचे तर तो ऐकून आम्हांस हायसे वाटले. आता गाडी खर्चापायी विकता येणार होती. कानांचा विषय काढावाच लागणार नव्हता.

आम्ही आप्पांच्या कानाशी ओरडून पंपाचे सांगितले. त्यांनी एकच शब्द विचारला, "कशावरून?"

विद्यार्थ्यांच्या निबंधांच्या समासात आम्ही हाच शब्द तांबड्या शाईने लिहीत असतो.

रविवारी सकाळी आप्पांनी बॉनेट उघडले. "कान तुमचे, हात माझा," म्हणाले. आधी त्यांनी इंजिनाची फाउंडेशने, म्हणजे ज्या रबरांवर इंजिन बसते ती, पाहिली. रबर गेले तर थरथर वाढते, पण चाल बिघडत नाही. आमच्याकडे दोन्ही होते. मग चाल मंद ठेवून, चिंध्या धरून, त्यांनी चारही नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून किंचित सैल केले आणि पुन्हा आवळले. जो सिलिंडर मुळातच मिसिंग मारतो त्याचा नट सैल केला तरी आवाजात फरक पडत नाही. चांगल्याचा केला तर चाल आणखी बिघडते. आम्ही ऐकून बोटांनी खुणा करीत होतो. चारही वेळा चाल सारखीच बिघडली. म्हणजे दोषी कोणी एक नव्हता. दोष चौघांच्या आधी, कुठेतरी सामाईक वाटेवर होता. (हा प्रयोग जुन्या पंपाच्या इंजिनांपुरताच. 2020 पासून सक्तीच्या झालेल्या बीएस-6 मानकांच्या डिझेल गाड्यांत नळीतला दाब इतका प्रचंड असतो की सैल नटातून उडालेली धार कातडी भेदून आत शिरते. तिथे पान्याला हात लावू नये.)

"पंपही सामाईकच ना?" धाकट्याने विचारले.

"आहे की. पण स्वस्तातलं आधी तपासायचं."

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये आप्पांनी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडला. गाडी सुरू केली तर त्यातून बारीक बुडबुडे जाताना दिसले. गाडीने एअर धरली होती. मग टाकीच्या दिशेने उलटे जात शोध लागला : हातपंपाजवळच्या रबरी नळीला क्लिपच्या खाली चीर पडली होती. थेंबभरही डिझेल बाहेर सांडलेले नव्हते, कारण त्या बाजूला ओढ आतल्या दिशेने असते. डिझेल गळत नाही, हवा शिरते. मंद गतीत प्रत्येक फेऱ्याला डिझेलचा अगदी लहान घोट जातो, त्यामुळे बुडबुडाही जाणवतो. वेगात घोट मोठा असतो, फ्लायव्हीलचा जोरही असतो. तोच दोष झाकला जातो.

नवी नळी, दोन क्लिपा, तांब्याचे वॉशर : दोनशे रुपयांच्या आत काम झाले. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे संपेपर्यंत हातपंप मारून एअर काढली आणि गाडी सुरू केली. आप्पांनी मडगार्डवर तळवा टेकवला, वैद्य नाडीवर बोटे ठेवतो तसा. "आवाज कसा आहे?" त्यांनी विचारले. शब्दांवर पोट भरणारे आम्ही दोघे गडबडलो. शेवटी थोरला म्हणाला, "एकसारखा." आप्पांना ओठांवरून कळले.

कामगारांचे साहित्य शिकवताना आम्ही नारायण सुर्व्यांचे 1966 सालचे 'माझे विद्यापीठ' शिकवतो, गिरणगाव शिकवतो, 1982 चा गिरणी संप शिकवतो. त्याच 1982 साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि आम्ही इथेच वाढलो. पण 'मिसिंग', 'एअर धरणे', 'फाउंडेशन' ही घरातली भाषा आमच्या वर्गात कधी आली नाही. ज्याच्या हाताने ही भाषा घडवली त्याच्याशी आम्ही पंपाचे निमित्त करून बोलत होतो.

कारण आता निमित्त उरले नव्हते. दुपारी जेवताना आम्ही आप्पांना सारे सांगून टाकले. गाडी विकायचे का ठरवले होते तेही. ते बराच वेळ भाकरी कुस्करीत राहिले.

"मला ऐकू येत नाही, हे मला ठाऊक नाही होय? त्याचं खापर बिचाऱ्या पंपावर कशाला?"

मग त्यांनी किल्ली धाकट्यासमोर सरकवली. गाडी विकायची नाही, एवढीच अट घातली. आता दर बाजारच्या दिवशी आमच्यापैकी एक जण गाडी चालवतो आणि आप्पा शेजारी बसतात. कोंडीत गाडी उभी राहिली की त्यांचा तळवा डॅशबोर्डवर जातो. आम्ही त्यांच्याकडे पाहतो. ते मान हलवतात. तेवढ्यात पुढची रांग सरकते.