खंड्याचे दुखणे

मराठीच्या प्राध्यापकाला कुत्र्यांविषयी जे काही ठाऊक असते ते बहुधा पुस्तकांतून आलेले असते. धर्मराजाच्या मागोमाग स्वर्गाच्या दारापर्यंत चालत गेलेला श्वान, दत्तात्रेयांच्या पायांशी बसलेले चार वेद, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. यांपैकी एकही कुत्रा आजारी नाही. कुणाच्या कानात गोचीड नाही, कुणाला खरूज नाही. मी वीस वर्षे ही कुत्री वर्गात शिकवली आणि त्यात काही उणे आहे असे मला कधी वाटले नाही.

खंड्या हा आमच्या महाविद्यालयाच्या आवारातला कुत्रा. आमचे गाव तालुक्याचे, सह्याद्रीच्या पायथ्याशी. आवाराला कुंपण आहे, पण कुत्र्यांनी ते कधी मानले नाही. रात्रपाळीच्या वॉचमनमामांनी त्याला लहानपणी भाकरी घातली, नाव दिले, आणि तो राहिला. मी त्याची कुणी नव्हे. डब्यातली उरलेली पोळी टाकणे एवढाच आमचा संबंध.

२०२२च्या जुलैमध्ये मराठी विभागासमोरच्या व्हरांड्यात फरशीवर रक्ताचे थेंब दिसू लागले. आधी कुणा मुलाचा घोळणा फुटला असेल असे वाटले. मग एक दिवस खंड्या माझ्यासमोरच शिंकला आणि पांढऱ्या भिंतीवर लाल शिंतोडे उडाले. रक्त फक्त उजव्या नाकपुडीतून येत होते.

त्यानंतर स्टाफरूममध्ये एक शब्द उच्चारला गेला : पिसाळलेला. कुणी उच्चारला ते आज सांगता येणार नाही. कुत्रा शांत होता, पाणी पीत होता, ओळखीच्या माणसाला पाहून शेपूट हलवत होता. नाकातून रक्त येणे हे काही पिसाळल्याचे लक्षण नव्हे. पण शब्द एकदा चिकटला की लक्षणे त्याच्या मागून गोळा होतात. दोन दिवसांत त्याच्या डोळ्यांत 'काहीतरी वेगळे' दिसल्याचे चार जणांनी सांगितले. एका सहकाऱ्याने तो आपल्यावर धावून आल्याचे सांगितले. प्रत्यक्षात तो त्यांच्या हातातल्या वडापावकडे धावला होता. प्राचार्यांनी मला बोलावून घेतले. "मॅडम, तुम्ही त्याला खायला घालता म्हणे. आठ दिवसांत काय ते बघा, नाहीतर मला नगरपालिकेला कळवावे लागेल." त्यांचा स्वर वाईट नव्हता. आवारात दोन हजार मुले होती आणि त्यांची जबाबदारी सरांवर होती.

अशा रीतीने, प्रेमापोटी नव्हे तर संकोचापोटी, मी एका कुत्र्याची पालक झाले. मामांनी दोरी धरली, मी रिक्षा ठरवली आणि आम्ही गुरांच्या दवाखान्यात गेलो.

तिथले डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. पावसाळा आणि घाटाखालचा मुलूख पाहून त्यांना पहिला संशय आला तो जळवेचा. ओढ्याचे पाणी पिताना कुत्र्याच्या नाकात बारीक जळू शिरते, आत चिकटून आठवडेच्या आठवडे रक्त पीत राहते आणि फुगते. ती काढण्याची रीत मला फार आवडली. कुत्र्याला बराच वेळ पाणी द्यायचे नाही. मग नाकाशी पाण्याचे भांडे धरायचे. पाण्याच्या ओढीने जळू आपणहून बाहेर डोकावते आणि तेवढ्यात ती चिमट्यात पकडायची. मामांनी रात्रभर खंड्याला कोरडे ठेवले. सकाळी आम्ही तिघे एका स्टीलच्या वाडग्याभोवती श्वास रोखून वाकलो होतो. बाहेर पाऊस पडत होता. खंड्या बिचारा वाडग्याकडे आणि आमच्याकडे आळीपाळीने पाहत होता. जळू काही आली नाही.

दुसरा संशय गोचीडतापाचा. गोचीड चावल्यावर अंगात जाणारा एक सूक्ष्म जंतू रक्तातल्या प्लेटलेट घटवतो आणि मग नाकातून रक्त येऊ शकते. आपल्याकडच्या कुत्र्यांत हा आजार इतका आढळतो की नाकातले रक्त पाहिले की डॉक्टरांचे मन आधी तिकडेच जाते. तपासणीत प्लेटलेट थोड्या कमीच निघाल्या. डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या सुरू झाल्या. मामा गुळाच्या खड्यात लपवून त्या देत; खंड्या गूळ चाटून गोळी बाजूला टाकी, पुन्हा गूळ. आठवड्याने रक्त थोडे कमी झाल्यासारखे वाटले. प्राचार्यांना मी तसे सांगितलेही. तिसऱ्या आठवड्यात मात्र नाकाची उजवी बाजू सुजून वर आली आणि त्याचा चेहराच बदलला.

दरम्यान मला त्या दवाखान्यात बसायची सवय लागली होती. बाकावर बसून जे ऐकले आणि पाहिले त्यावर एखादा स्वतंत्र लेख होईल. दाणे खाऊन टाकलेले मक्याचे कणीस अख्खे गिळलेला लॅब्रॅडोर. एक्सरेत कणीस नीट दिसत नाही, आतडे मात्र बंद. वाटीभर मनुका खाऊन मूत्रपिंडे बिघडलेला एक लहानसा पांढरा कुत्रा, आणि 'देवापुढचा प्रसादच होता हो' असे पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या आजी. द्राक्षे आणि मनुका कुत्र्यांना का बाधतात हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. २०२१ साली काही पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. तेच आम्ल चिंचेत भरपूर असते. आमच्या आमट्यांचा विचार करून मी त्या दिवशी गप्पच राहिले.

खंड्याकडे वळते. डॉक्टरांनी त्याला थोडी गुंगी देऊन नाकातल्या मांसल भागाचा नमुना घेतला, काचपट्टीवर टेकवला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिले. मग मला म्हणाले, "या मॅडम, बघा." मला जांभळ्या रंगाच्या गोल गोल पेशी दिसल्या, जवळजवळ एकसारख्या. प्रत्येकीच्या कडेला, कुणी टाचणीने टोचल्यासारखे, रिकामे बुडबुडे होते.

"टीव्हीटी," ते म्हणाले. मामांनी विचारले, "टीव्हीमुळं हुतंय व्हय?" हसू आवरून डॉक्टर सांगू लागले. हा कुत्र्यांचा कर्करोग, आणि तो संसर्गाने होतो. एरवी त्याची गाठ जननेंद्रियांवर असते. नाकात आढळणे विरळाच. माणसाला तो होत नाही. हे शेवटचे वाक्य मी त्यांच्याकडून सहीशिक्क्यानिशी लिहून घेतले, प्राचार्यांसाठी.

पण मी अडकले ते त्यांच्या पुढच्या वाक्यात. ते म्हणाले, "ही गाठ खंड्याची नाहीच."

इतर कर्करोगात माणसाच्या किंवा जनावराच्या स्वतःच्याच पेशी बिघडतात. इथे तसे नसते. इथे कोणी विषाणू एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रोग निर्माण करत नाही. कर्करोगाची जिवंत पेशीच एका देहातून दुसऱ्या देहात जाते, रुजते आणि वाढते. हापूसचे कलम जसे मूळ झाडाचाच अंश असते, तसे. रशियातल्या नोव्हिन्स्की नावाच्या पशुवैद्याने १८७६ साली एका कुत्र्याची ही गाठ दुसऱ्याच्या अंगात रुजवून दाखवली होती. पुढे गुणसूत्रे मोजता येऊ लागल्यावर कोडे वाढले. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात. या गाठीच्या पेशीत ५७ ते ६४. आणि जगभरच्या गाठी एकमेकींशी जितक्या जुळतात तितक्या त्या ज्या कुत्र्यात वाढतात त्याच्याशी जुळत नाहीत. म्हणजे कधीतरी, कुठेतरी, एका कुत्र्याला कर्करोग झाला. तो कुत्रा मेला. त्याच्या पेशी मात्र दुसऱ्यात गेलेल्या होत्या. त्या अजून मेलेल्या नाहीत.

त्या रात्री आणि पुढच्या अनेक रात्री मी याविषयी मिळेल ते वाचले. २०१४ साली संशोधकांनी हे वय सुमारे ११,००० वर्षे धरले होते. २०१९ साली पाचशेहून अधिक गाठी तपासून झालेल्या अभ्यासाने ते ४,००० ते ८,५०० वर्षांवर आणले आणि मूळ कुत्रा मध्य किंवा उत्तर आशियातला असावा असे मांडले. ही पद्धत मला अनपेक्षितपणे ओळखीची वाटली. पेशी दर वेळी स्वतःची प्रत काढते, प्रत काढताना चुका होतात, चूक पुढच्या सर्व प्रतींत उतरते. कोणती चूक कोणत्या गाठींत समान आहे ते पाहायचे आणि मागे मागे जात मूळ संहितेपाशी पोचायचे. हे तर पाठचिकित्सेचे शास्त्र! ज्ञानेश्वरी १२९०ची, तीनशे वर्षांच्या हस्तलेखनात तिच्यात शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी १५८४मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण प्रथम वर्षापासून शिकवतो. इथे लेखनिक नाहीत, पोथी नाही, तरी पाठभेद आहेत. शिक्षकी खोड अशी की असे काही साम्य सापडले की आपल्याला दुखण्याचा विसर पडतो. मी उत्साहाने डॉक्टरांना हे सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "आवारात दुसरी कुत्री कोणती आहेत?"

नर कुत्र्यांत ही गाठ नाकात अधिक आढळते, मादीच्या मानाने चार-पाच पट. त्याच वर्षी, २०२२मध्ये, प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दाखवले आहे. कारण साधे. नर मादीला हुंगतात, चाटतात. मादीच्या गाठीतली पेशी नाकातोंडाला लागते आणि तिथे घर करते. तेव्हा खंड्याला ही कुठून लागली असावी हा डॉक्टरांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मला माहीत होते.

कँटीनच्या मागे एक तांबडी कुत्री असे. तिला नाव नव्हते. आदल्या दिवाळीपासून तिच्या मागच्या अंगाने रक्त ठिबकताना मी पाहिले होते. ती माजावर असेल, असे समजून मी नजर वळवली. कुत्रीचा माज वर्षातून साधारण दोनदा, दोन-तीन आठवडे. नऊ महिने नव्हे. एवढा हिशेब कुणालाही करता आला असता. पण त्या जागेकडे पाहायचे नाही, कुणी पाहताना दिसायचे नाही, बोलायचे तर मुळीच नाही. मुले तिला दगड मारत आणि हसत. कँटीनवाला पाण्याची बादली फेके. मी त्या वर्षी एम.ए.च्या वर्गाला स्त्रियांची आत्मकथने शिकवत होते. विटाळ, शरीर, लपवाछपवी यांवर मी बरे बोलते असे विद्यार्थी म्हणतात. तास संपवून मी कँटीनला चहाला जात असे, आणि ती तिथेच असे.

मामांनी आणि दोन विद्यार्थ्यांनी तिला धान्याच्या पोत्याखाली पकडून आणले. गाठ फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी बाहेर आलेली होती. डॉक्टर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हा आजार लवकर आला तर दहातले नऊ बरे होतात." तिच्या रक्तात लाल पेशी कमी, पांढऱ्या त्याहून कमी, इंजेक्शन पांढऱ्या पेशी आणखी घटवते, म्हणून आधी ताकद भरून आणणे भाग होते. सलाईन, अंडी, लोहाचे औषध. आठव्या दिवशी ती दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये मेली. नोंदवहीत नावाच्या रकान्यात काय लिहायचे असे विचारले तेव्हा मला पटकन काही सुचले नाही. डॉक्टरांनीच 'तांबडी' असे लिहिले.

खंड्याचे उपचार चालू राहिले. आठवड्यातून एकदा रक्ततपासणी, मग शिरेतून व्हिन्क्रिस्टीन. मात्रा अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी, पण थेंबभर जरी शिरेबाहेर सांडले तरी तिथले मांस सडते. म्हणून त्या दोन मिनिटांत मी त्याचे डोके माझ्या मांडीवर गच्च धरून बसे. दुसऱ्या इंजेक्शननंतर रक्त थांबले, चौथ्यानंतर सूज उतरली, सहा झाली तेव्हा काचपट्टीवर ती गोल पेशी दिसेना. पेशीचे विभाजन होताना आत जे सूक्ष्म धागे विणले जातात ते या औषधाने विणले जात नाहीत, म्हणून पेशी दोन होऊ शकत नाही. हे औषध सदाफुलीतून मिळते. मूळची मादागास्करची ही वनस्पती आपल्या दारोदार अशी रुळली आहे की तिला परकी म्हणवत नाही. विभागाच्या पायरीशी, जिथे खंड्या झोपतो, तिथेही दोन झाडे आहेत. मामांना हे कळल्यावर ते लगेच म्हणाले, "मग पाल्याचा रस पाजूया की, बाकीच्या कुत्र्यांस्नी बी." डॉक्टरांनी त्यांना बसवून समजावले की पोतीच्या पोती पाने गाळावीत तेव्हा चिमूटभर औषध निघते, आणि कच्चा पाला हे विष आहे. मामांना ते पटले की नाही कळले नाही. पण नंतर काही दिवस मी पायरीवरून जाताना झाडांची पाने तोडलेली आहेत का, ते पाहत असे.

खर्चाची वर्गणी विभागाने काढली. वडापाववाल्या सहकाऱ्यांनी सर्वांत जास्त दिले, आणि ते कुणाला सांगू नका म्हणून बजावले. खंड्या आता थोराड झाला आहे. नाकाचे हाड उजवीकडे जरासे बसले आहे, त्यामुळे तो झोपेत घोरतो. परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षणाला असले की व्हरांड्यातले ते घोरणे वर्गात स्पष्ट ऐकू येते. मुले मान वर करतात, दाराकडे पाहतात आणि पुन्हा लिहू लागतात.