‘लोकहितार्थ’ म्हणजे कोणाच्या हितार्थ?



दिवाळी आटोपली की धारणीच्या बसस्थानकावर गाठोडी दिसू लागतात. मेळघाटातली कोरकू कुटुंबं कापूस वेचायला डोंगराखाली उतरतात, अकोट-अंजनगावकडे. मजुरी किलोवर. कोणाचं पोर शाळा सोडून चाललं याची यादी करायला आम्ही तिथे उभे असतो.

2025 च्या हंगामात तिथेच एका वेचणाऱ्या बाईला आम्ही मोबाईलवरची अधिसूचना समजावून सांगत होतो. 18 ऑगस्टला केंद्रीय अर्थ मंत्रालयाने काढलेली. कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 30 सप्टेंबरपर्यंत माफ, आणि हे ‘लोकहितार्थ’. बाईने धारणीच्या हिंदीत विचारलं, “लोक मतलब कौन?”

समाजशास्त्रात एम.ए. केलेले आम्ही गप्प झालो.

सप्टेंबरपर्यंतची माफी एकवेळ पचली असती. तोवर आपला कापूस बाजारात यायचा असतो. पण दहाच दिवसांत मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे ऐन वेचणीत. अमेरिकेने 50 टक्के शुल्क लादल्याने कापड उद्योग अडचणीत होता, हे खरं. गिरणीतला कामगारही आपलाच आहे. पण त्याला वाचवायचा खर्च वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने आणि मजुराने उचलावा, हे कोणी, कोणाला विचारून ठरवलं?

हमीभाव आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे, 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याला 8110 रुपये क्विंटल होता. त्यासाठी जमिनीचा कागद लागतो, ॲपवर नोंदणी लागते, ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. बटईवाल्याच्या नावावर सातबाराच नसतो. आणि वेचणारीला कसला हमीभाव? मालकाला भाव कमी मिळाला की तो आधी तिच्या किलोच्या दराला हात घालतो.

आता कायदा बघा. परदेशी माल पडत्या भावात येतो अशी उद्योगाने तक्रार केली, तर अँटी-डंपिंगची चौकशी होते. राजपत्रात सूचना निघते, संबंधितांना म्हणणं मांडायची संधी मिळते. मात्र 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम 25 खाली शुल्क माफ करायचं, तर सरकारची ‘लोकहितार्थ गरज आहे’ अशी खात्री पटली की पुरे. कारखानदाराला सुनावणी, शेतकऱ्याला थेट अधिसूचना!

मग सल्ला देतं कोण? पूर्वी कापूस सल्लागार मंडळ होतं. त्याच्या वर्णनात सरकार, उद्योग, व्यापारी यांच्यासोबत ‘उत्पादक’ हा शब्द तरी असे. 2020 पासून त्याच्या जागी कापूस उत्पादन व वापर समिती आली, वस्त्रोद्योग आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली. तिच्या बैठकांच्या सरकारी निवेदनांत अधिकारी, गिरण्या, व्यापारी, जिनिंगवाले भेटतात. वेचणारी बाई आम्हाला एकदाही भेटली नाही.

सल्लागार समिती अशीच असते, असं समजू नका. धारणी अनुसूचित क्षेत्रात येते. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत आदिवासी सल्लागार परिषद आहे: जास्तीत जास्त 20 सदस्य, त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश विधानसभेतले अनुसूचित जमातींचे आमदार. ती परिषद कितपत काम करते हा वेगळा वाद. पण सल्ला कोणी द्यायचा हे तिथे लिहून ठेवलंय, मंत्रालयाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी हेच मांडलं होतं की अस्पृश्यांचं म्हणणं अस्पृश्यांच्या प्रतिनिधीनेच मांडावं. आपण हा मुद्दा राखीव जागांपाशी थांबवला. आयात शुल्काच्या टेबलापर्यंत तो नेलाच नाही, आणि यात आम्हीही आलो.

वस्त्रोद्योग आयुक्तांना पाठवायचा एक अर्ज आम्ही तयार केलाय. मागण्या दोनच. ऑक्टोबर ते जानेवारी कापसाच्या शुल्काला हात लावण्याआधी कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांत सुनावणी घ्या. आणि समितीत कोरडवाहू शेतकरी व वेचणी मजूर बसवा, त्यात निम्म्या बायका. खाली 40 अंगठे आणि 11 सह्या आहेत. अकोट, तेल्हारा, दर्यापूरच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातून तो पाठवावा. मसुदा मागा, देतो.