ओ काका, तुम्हीच!

दोस्तांनो, रस्त्यात मधोमध माणसांचं कडं झालेलं तुम्ही कधी ना कधी पाहिलंच असेल. लांबून वाटतं, डोंबाऱ्याचा खेळ चाललाय. जवळ गेलं की कळतं, मधे कुणीतरी पडलंय. मागचे लोक टाचा उंचावून बघतायत, पुढचे चर्चा करतायत. चूक कुणाची? गाडी कुठली? प्यायला होता का? आणि पडलेल्या माणसापासून सगळे कसे बरोबर चार हात लांब! कुणी पुढे सरकत नाही आणि कुणी निघूनही जात नाही.

ही माणसं दुष्ट असतात का हो? मुळीच नाही. त्यात कुणाचे तरी बाबा असतात, कुणाची तरी मावशी असते. मग त्यांचे पाय का उचलत नाहीत?

जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला होता. १९६८ साली त्यांनी आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमधल्या कॉलेजच्या मुलांना त्यांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि यंत्रावरून एकमेकांशी बोलायला सांगितलं. बोलता बोलता एकाला फिट आल्यासारखा आवाज येऊ लागला. तो आवाज टेपवरचा होता, पण ऐकणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. आपण एकट्यानेच हे ऐकलं असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के आवाज थांबायच्या आत मदत बोलवायला धावले. आणखी चौघे ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले? फक्त ३१ टक्के! गंमत म्हणजे, जे जागचे उठले नाहीत ते काही मजेत बसलेले नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. जीव तुटत होता, पण कुणीतरी गेलं असेल असं प्रत्येकाला वाटत होतं. हा ‘कुणीतरी’ फार आळशी माणूस आहे बरं का! तो कधीच कुठे वेळेवर पोचत नाही.

या ‘कुणीतरी’ला कामाला कसं लावायचं, ते मला एका मुलाने दाखवलं. १९९४ सालचा पावसाळा होता. मी तेव्हा सांगली जिल्ह्यात शिकवत होते. एस.टी.तून उतरले तर स्टँडबाहेर असंच कडं. एक दूधवाला त्याच्या एम-एटीवरून घसरून पडला होता. दोन्ही कॅन लवंडलेले, डांबरावर दूध पसरलेलं, आणि त्याच्या डोक्याजवळ ते दूध गुलाबी होत चाललेलं. कड्याच्या आत दप्तर पाठीवर घेतलेला सातवी-आठवीतला एक मुलगा उभा होता. “कुणीतरी मदत करा हो,” असं तो एकदा ओरडला. कुणी हललं नाही. मग त्याने काय केलं ठाऊक आहे? सरळ एका रिक्षावाल्याकडे बोट दाखवलं. “ओ काका, तुम्ही! हो, तुम्हीच. तुमची रिक्षा इकडे घ्या.” रिक्षावाला दचकला आणि निघाला की रिक्षा आणायला! मग बोट एका फळवाल्याकडे वळलं. “मामा, तुमचा तो टॉवेल द्या.” मग माझ्याकडे. “बाई, तुम्ही यांच्याबरोबर बसा.” दोन मिनिटांत कडं फुटलं. ज्यांच्याकडे बोट गेलं नव्हतं तेसुद्धा उचलायला पुढे आले. एकाने कॅन बाजूला नेऊन ठेवले, एकाने गाडी उभी केली. इतका वेळ हीच माणसं नुसती उभी होती!

पुढची गोष्ट मात्र तेवढी गोड नाही. दवाखान्यात काउंटरवरच्या माणसाने आधी विचारलं, “तुम्ही कोण यांच्या?” कुणी नाही म्हटल्यावर, “पोलीस केस आहे, थांबा.” डॉक्टर येईपर्यंत पाऊण तास टॉवेल धरून मी बाकावर. त्यानंतर जबाबासाठी तीन वेळा पोलीस चौकी आणि साक्षीसाठी दोनदा कोर्ट. दोन्ही वेळा पुढची तारीख मिळाली. माझे वडील चिडून म्हणाले, “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तुला कुणी शिकवलं नाही का?” दूधवाला वाचला. थोडा लंगडायचा, पण पुन्हा दूध घालू लागला. तरी माझ्या शेजाऱ्यांनी त्या सगळ्यातून धडा घेतला तो एवढाच, की अपघात दिसला तर मान वळवून चालू लागावं.

आईबाबा तुम्हाला “नसत्या भानगडीत पडू नको” म्हणतात ना, ते अशा अनुभवांतून. त्यांना भित्रं म्हणू नका. पण नंतर काय काय बदललं, ते त्यांना सांगा.

खरं तर माझ्या त्या बाकाच्या पाच वर्षं आधीच, १९८९ साली, सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या याचिकेवर निकाल दिला होता. एका स्कूटरवाल्याला जवळच्या दवाखान्याने पोलीस केस म्हणून दूरच्या दवाखान्यात धाडलं आणि तो वाटेतच गेला, अशी बातमी वाचून कटारांनी ती याचिका केली होती. न्यायालय म्हणालं, आधी जीव वाचवा, कागद नंतर. सरकारी असो की खासगी, कुठल्याच डॉक्टरला जखमी माणसाला परत पाठवता येणार नाही. निकाल दिल्लीत लागला, पण आमच्या काउंटरपर्यंत काही तो पोचला नव्हता!

मदत करणाऱ्याचं काय, हा प्रश्न उरलाच होता. २००७ साली शाळेतून घरी निघालेल्या एका मुलाला गाडीने उडवलं. बघे जमले, पण त्याला कुणी वेळेवर दवाखान्यात नेलं नाही, आणि तो गेला. त्याचे नात्यातले मोठे भाऊ पीयूष तिवारी यांनी पुढे सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था काढली आणि संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारे नियम देशभर बंधनकारक केले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलमच आलं. आता वाहनाच्या अपघातात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही कमी-जास्त झालं तरी, खटला भरता येत नाही. त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार होण्याची सक्ती नाही. दवाखाना त्याला अडकवून ठेवू शकत नाही, बिल मागू शकत नाही. माझ्या वडिलांना हे वाचून दाखवायला हवं होतं!

आता तुम्ही म्हणाल, आम्ही मुलं काय करणार? तो मुलगाही तुमच्याएवढाच होता की. मात्र गाड्या चालू असतील तर रस्त्याच्या मधे धावायचं नाही, कडेला उभं राहूनच ओरडायचं. आणि ‘कुणीतरी’ म्हणायचंच नाही. एकाला निवडायचं. निळ्या शर्टवाले काका, तुम्ही १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात २०१४ पासून या नंबरवर रुग्णवाहिका येते आणि पैसे लागत नाहीत. ११२ सुद्धा चालतो. कुठला चौक, कुठल्या दुकानासमोर, किती माणसं जखमी, एवढं नीट सांगायचं आणि पलीकडचा माणूस ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. हायवेवर असाल तर जवळचा किलोमीटरचा दगड वाचा.

जमलेली मंडळी लगेच पाणी आणतात, चहा आणतात, जखमीला बसवू बघतात. त्यांना थांबवा. बेशुद्ध माणसाच्या घशात पाणी अडकतं आणि मान दुखावलेली असेल तर ओढाताणीने कायमचं नुकसान होतं. रक्त वाहत असेल तर मोठ्या माणसाला सांगा, हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. आणि फिट आलेल्याच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावायला कुणी धावलं, तर हात जोडून नको म्हणा! आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, तोंडात काही घालू नका, झटके थांबले की कुशीवर वळवा.

पालकांना एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. अनोळखी माणसाशी बोलू नको, असं आपणच शिकवतो ना? म्हणून घरात ठरवून टाका. मुलाने मोठ्यांना हाका मारायच्या, फोन करायचा किंवा करायला लावायचा, पण कुणाच्याही गाडीत बसून जायचं नाही, जखमीबरोबरसुद्धा नाही. तो मुलगाही रिक्षात बसला नव्हता. कॅनपाशी थांबून राहिला, असं मला नंतर फळवाल्याने सांगितलं.

अजून एक. २०२० सालच्या नियमांप्रमाणे मदत करणाऱ्याच्या हक्कांची पाटी प्रत्येक दवाखान्याने दारात किंवा ठळक जागी लावायची असते, स्थानिक भाषेतही. पुढच्या वेळी सर्दी-खोकल्यासाठी एखाद्या दवाखान्यात गेलात की ती शोधा. आमच्या गावच्या दवाखान्यात मला ती औषधांच्या खिडकीशेजारी, कॅलेंडरच्या मागे सापडली. कॅलेंडर मी पलीकडच्या खिळ्यावर टांगून आले.