तिसाव्या सेकंदापर्यंत

मी ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स शिकवते. गाणं लहानपणी शिकले, तेही प्रवेशिकेपर्यंत. मग दहावी आली आणि पेटी माळ्यावर गेली. गेल्या उन्हाळ्यात पहाटे पाचला बादल्या भरता भरता नळाच्या पाण्यावरच एक गाणं सुचलं. पिंप भरेपर्यंत चालही लागली होती. भाच्याला ऐकवलं तर तो म्हणाला, "आत्या, रिलीज कर की! हल्ली कंपनी लागत नाही." जयपूरचा प्रतीक कुहाड म्हणे स्वतः लिहितो, स्वतः गातो, आणि त्याचं 'कोल्ड/मेस' ओबामांनी 2019 च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत घातलं होतं. एवढ्या लांब कशाला, आपला संजू राठोड घे. 'गुलाबी साडी'वर मी दोन वरातींत नाचले होते, पण ते लिहिणारा आणि गाणारा एकच माणूस आहे, हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री मी मनातल्या मनात दोन मुलाखती दिल्या. गाण्याचा दुसरा अंतरा अजून लिहायचा होता.

खरेदीपासून सुरुवात केली. एक कंडेन्सर माइक आणि एक ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाषा. दोन्ही मिळून साडेबारा हजार. सगळ्या वायरी जोडल्या आणि तासभर "हॅलो, हॅलो" केलं. आवाज शून्य. दुकानदाराला फोन करून चांगलं सुनावलं. त्याने शांतपणे विचारलं, "मॅडम, 48 व्होल्टचं बटण दाबलंत का?" असल्या माइकला स्वतःची वीज लागते आणि ती आवाजाच्याच वायरीतून उलटी जाते. तिला फँटम पॉवर म्हणतात. भुताटकीची वीज म्हणा. बटण दाबलं, तर माझ्या संगीत कारकिर्दीतला पहिला ध्वनिमुद्रित आवाज नवऱ्याचा निघाला: "अगं, बिघडलेलं दिलं का त्याने?"

रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, म्हणून कपाट उघडं टाकलं, त्याच्या दारांवर आईच्या दोन गोधड्या टांगल्या आणि मी मध्ये तोंड घालून उभी राहिले. मे महिना, पंखा बंद. भाचा कॉम्प्युटरवर. "स्केल कोणती?" मी म्हटलं, "काळी चार." त्याने फोनमध्ये पाहिलं. "म्हणजे जी शार्प. आणि बीपीएम?" बीपीएम म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. मी म्हटलं, "मध्यलय." सॉफ्टवेअरला मध्यलय कळत नाही, त्याला आकडा लागतो. शेवटी 92 ठरले. ते टिकटिक करत कानात वाजत राहतात आणि आपण त्यांच्या पायात पाय घालून गायचं. ध्रुवपद जमलं, पण अंतऱ्याला मी पुढे गेले. मशीन मागे पडतंय, असं मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा भाच्याने पडद्यावर रेघा दाखवल्या. ठोके सारख्या अंतरावर होते; माझे शब्द मात्र बस सुटल्यासारखे पळत होते. एकूण तेवीस वेळा गायले. त्याने एकोणिसावी खेप निवडली. तिच्यात तिसऱ्या ओळीला शेजारच्या कुकरची शिट्टी आहे. "राहू दे आत्या," तो म्हणाला, "ती सुरात आहे." तू नाहीस, हे त्याने म्हटलं नाही.

मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि पेटीचं प्रमाण जुळवणं, आणि मास्टरिंग, म्हणजे फोनपासून मांडवातल्या स्पीकरपर्यंत सगळीकडे नीट ऐकू यावं म्हणून शेवटचा हात फिरवणं. ही दोन्ही कामं भाच्याच्या मित्राने तीन हजारांत केली. त्यात माझं योगदान चहाचं.

आता गाणं स्पॉटिफायवर टाकायचं. पण गायक तिथे थेट गाणं देऊ शकत नाही. मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. आमच्या भाषेत अडत्या. कुणी वर्षाची फी घेतो, कुणी कमाईतला टक्का. त्याचा फॉर्म प्रवेश अर्जापेक्षा लांब. कलाकाराचं नाव, गीतकाराचं नाव, संगीतकाराचं नाव, निर्मात्याचं नाव, लेबलचं नाव. पाचही ठिकाणी मी. गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळाला, म्हणजे गाण्याचं आधार कार्डच. मुखपृष्ठ चौरस हवं, 3000 बाय 3000 पिक्सेल. मी आमच्या निळ्या पिंपाचा फोटो पाठवला. तो परत आला, कारण पिंपावर कंपनीचं नाव होतं. मी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त सुचवला होता, तो आधीच टळून गेला होता. नवी गाणी म्हणे जगभर शुक्रवारीच येतात, 2015 पासून. बुधवारी फॉर्म भरून मी शुक्रवार टाकला. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल तर निदान सात दिवस आधी कळवावं लागतं, हे शनिवारी कळलं. रविवारी कळलं की माझं गाणं माझ्याच नावाच्या एका भजन गाणाऱ्या बाईंच्या पानावर गेलंय. तिथे त्याला बरे श्रोते मिळत होते. दुरुस्ती करून घेतल्यावर ते मिळायचे थांबले.

एका जागी मात्र माझी अक्कल चालली. गाण्याच्या मालकीचे दोन सातबारे असतात. एक शब्द आणि चाल यांचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. जागा आणि तिच्यावरचं घर समजा. उद्या दुसऱ्या कुणी माझं गाणं नव्याने गायलं तर घर त्याचं, जागा माझीच. आपल्याकडे हा हक्क नोंदणीशिवायही गाणं लिहिल्याक्षणी मिळतो. शब्द-चालीचा हयातभर आणि पुढे 60 वर्षं, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीनंतर 60 वर्षं. शब्द-चालीचे पैसे रेडिओ, हॉटेलं वगैरेंकडून गोळा करून वाटायला आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. वारसांना किंवा अशा संस्थेलाच देता येतो. पूर्वी एकदाच ठोक रक्कम घेऊन किती जणांनी तो सोडून दिला असेल! मी मुलीला बसवून तिच्या वारसाहक्काची कल्पना दिली. तिने विचारलं, "आई, आत्तापर्यंत किती आलेत?"

त्याआधी स्टेज सांगून टाकते. एका कॅफेत ओपन माइक होता, येईल त्याने गावं असा. साउंडवाल्या मुलाने विचारलं, "मॉनिटर हवा का?" मी म्हटलं, "नको, मी सांभाळते पोरांना." मॉनिटर म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून. तो नव्हता, त्यामुळे मी काळी चारमध्ये सुरू करून कुठे संपवलं ते फक्त प्रेक्षकांना माहीत आहे.

तर, किती आले. सहा महिन्यांत सगळीकडे मिळून 214 वेळा गाणं ऐकलं गेलं. स्पॉटिफायवर 2024 पासून नियम आहे की बारा महिन्यांत निदान 1000 वेळा ऐकलं गेल्याशिवाय गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे पैसे सुरू होत नाहीत. तक्रार नाही, नापासाला ग्रेस किती द्यायचे, हे मलाही ठरवावं लागतं. पण भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली: कुणी 30 सेकंद तरी ऐकलं, तरच ते एकदा मोजलं जातं. मी घड्याळ लावून बसले. सुरुवातीला पेटीवर मी जे वाजवलंय, हौसेने, ते 42 सेकंद चालतं. माझा पहिला शब्द यायच्या आत माणसं निघून गेली होती.

खतावणीत सध्या नावे साडेपंधरा हजार, जमा काही नाही. दुसरं गाणं तयार आहे. ते पहाटे चारला रेकॉर्ड केलं, पाणी यायच्या आत, म्हणून कुकर नाही. येत्या शुक्रवारी येतंय, आणि या वेळी सात दिवस आधी कळवलंय. शब्द सहाव्या सेकंदाला सुरू होतात. आवडलं नाही तर खुशाल बंद करा. फक्त तिसापर्यंत थांबा.