शेवटचा हात कुणाचा?

ऑफिसात पीसी हँग झाला की सिस्टिम्सवाला येतो आणि खुर्चीत बसायच्या आधीच विचारतो, ‘काल काय इन्स्टॉल केलं होतंत?’ आपण लगेच म्हणतो, ‘छे, काहीच नाही!’ तो नुसता हसतो. काल चालत होतं आणि आज चालत नाही, म्हणजे मधे कुणाचा तरी हात लागलाय, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं.

साधा फंडा आहे, पण गाडीच्या बाबतीत आपल्याला तो आठवत नाही. मला तो आठवला शहापूरला, आत्याच्या अंगणात.

आपल्या मुंबईकरांसाठी शहापूर म्हणजे आसनगाव स्टेशन, माहुलीचा ट्रेक आणि नाशिकला जाताना चहाचा ब्रेक. मुरबाड म्हणजे पावसाळ्यात माळशेजला जाताना लागणारं गाव. तिथे राहणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. मुरबाडला रेल्वे नाही, शहापूरचं स्टेशन गावाबाहेर. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर घरची गाडीच लागते. आणि ती बिघडली की शहर गाठायचं, अख्खा दिवस मोडायचा, वर बिल बघून छातीत धडधड! म्हणून तिकडे निम्मी कामं घरच्या घरीच होतात.

माझा आतेभाऊ त्यातलाच. मुरबाडच्या एमआयडीसीत मशीनवर काम करतो, हात एकदम तयार. त्याच्या जुन्या हॅचबॅकचा पुढचा एक कॅलिपर जाम झाला होता. दादाने जुन्या बाजारातून दोन्ही बाजूंची जोडी आणली, नवे पॅड टाकले, ब्रेक ऑइल बदललं, सिस्टिममधली हवाही काढली. सगळं एका शनिवारी. रविवारी आत्याला घेऊन माळशेज चढून ओतूरला नातेवाइकांकडे जायचं होतं आणि संध्याकाळी तोच घाट उतरायचा होता.

फक्त एक गोष्ट खटकत होती. ब्रेकचं पॅडल पहिल्या दाबाला जवळजवळ तळाला जायचं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर यायचं. ‘नवे पॅड आहेत, बसायला वेळ लागतो,’ दादा म्हणाला.

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे. नवे पॅड डिस्कवर नीट घासून बसेपर्यंत पकड थोडी कमी वाटते, हे बरोबर. पण पॅडल मऊ लागणं हा वेगळा आजार. शाळेतला पास्कलचा नियम आठवतोय? बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. आपल्या पायाचा जोर चाकापर्यंत जातो तो याच नियमावर. ऑइल दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, की तुमचा पाय ब्रेक लावण्याऐवजी तो बुडबुडाच दाबत बसतो.

मग आम्ही पुन्हा हवा काढायला बसलो. मी पॅडलवर, दादा चाकाशी. ‘दाब... धर... सोड!’ निपलमधून ऑइल अगदी स्वच्छ येत होतं, एक बुडबुडा नाही. पॅडल तसंच. आणखी एक फेरी. ऑइलची बाटली संपली, पॅडल तसंच! दादाने निदान जाहीर केलं, ‘मास्टर सिलिंडर गेला. नवीन आणतो.’

मला तो सिस्टिम्सवाला आठवला. विचारलं, ‘दादा, मास्टर सिलिंडरला आपण हात लावलाय का?’ ‘नाही.’ ‘कालपर्यंत तो बरा होता ना?’ दादाचा चेहरा उतरला. ‘तू कॉम्प्युटरवाला, मला ब्रेक शिकवणार?’

त्याचं चिडणं मला समजत होतं. दिवसभर घाम गाळून केलेल्या कामावर कुणी बोट ठेवलं की लागतंच. म्हणूनच स्वतः केलेल्या रिपेअरनंतर बिघाड शोधणं अवघड जातं. गाडीतला प्रत्येक पार्ट संशयित वाटतो, फक्त आपण बसवलेला सोडून.

पण पुरावा समोर होता. मास्टर सिलिंडर आतून गळत असेल, तर पॅडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली सरकत जातं. आमचं दुसऱ्या दाबाला वर यायचं आणि तिथेच ठाम राहायचं. म्हणजे दाब टिकत होता. अंगणात कुठे ऑइलचा थेंबही नव्हता. हवा आतच होती, बाहेर येत नव्हती. का?

गाडी रस्त्यावर काढायची नाही, एवढ्यावर दोघांचं एकमत झालं. दादाने मुरबाडच्या ओळखीच्या मेस्त्रींना फोन लावला. ते बाइकवरून आले, पिशवी उघडलीच नाही. उकिडवे बसले, टॉर्च मारला आणि म्हणाले, ‘भाऊ, बसवलंय झकास. फक्त डाव्याचं उजव्याला गेलंय.’

दोन्ही कॅलिपर दिसायला आरशातल्या प्रतिबिंबासारखे. उलट बाजूला बसवले तरी बोल्ट बरोबर लागत होते. फरक एवढाच, की हवा काढायचं निपल वर असायला हवं, ते खाली आलं होतं. हवा नेहमी वर जाते. खालून स्वच्छ ऑइल निघत राहिलं आणि बुडबुडा वर मजेत बसून राहिला! शंभर वेळा ‘दाब, धर, सोड’ केलं असतं तरी तो हलला नसता.

अदलाबदल केली, पुन्हा हवा काढली. पॅडल घट्ट! दादा पाच मिनिटं गप्प होता. मग स्वतःच म्हणाला, ‘यानेच घाट उतरणार होतो आपण.’ आत्याने काही न बोलता सगळ्यांपुढे चहा ठेवला.

तर मंडळी, घरच्या रिपेअरनंतर ब्रेक कुरकुरले, तर यादी छोटी आहे. पॅडल मऊ असेल तर आधी हवेवर संशय घ्या आणि मागच्या ड्रमची अॅडजस्टमेंट बघा. धरल्यावर खाली सरकतंय? गळती किंवा मास्टर सिलिंडर. पॅडल दगडासारखं कडक झालंय? इंजिन बंद करून चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पॅडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय, नाही गेलं तर त्याची व्हॅक्यूमची नळी तपासा. गाडी एका बाजूला ओढतेय? पॅडला ग्रीस लागलंय का, स्लाइड पिन अडकलीय का ते पाहा. एकच चाक तापतंय? तिथला ब्रेक सुटत नाहीये. आणि पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट लागेपर्यंत दाबा. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिला ब्रेक रिकामाच जाऊ शकतो.

माळशेजचं टेन्शन आणखी वेगळं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ते उकळलं, तर आत वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दाबली जाते. म्हणून जुनी मंडळी सांगतात तेच खरं, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. कसाऱ्याच्या बाजूला जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा बोगदा आहे, माळशेजला मात्र वळणं तीच.

कायदाही इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० प्रमाणे धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे. दोष माहीत नव्हता, ही सबबही साध्या काळजीने तो कळला असता तर चालत नाही.

दादा अजूनही गाडी स्वतःच उघडतो, आणि मला ते आवडतं. आता फक्त काम सुरू करताना तो मोबाइलवर प्रत्येक पार्टचा फोटो काढतो आणि खडूने ‘डा’ आणि ‘उ’ लिहितो. बिघाड आलाच, तर पहिला टॉर्च त्याच खडूच्या खुणांवर पडतो.